मदत हवी आहे: आईच्या आमवातासाठी दूध-मासे बंद केले तर जेवणात काय काय घ्यायचं?

नमस्कार मंडळी, आईला रुमेटॉइड आर्थरायटिस आहे, सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की कुकरचं झाकणसुद्धा लावता येत नाही, सीआरपी (रक्तातून सूज मोजायची चाचणी) पण वाढलेलाच येतोय. आमवाताची मेथोट्रेक्सेट गोळी आठवड्यातून एकदा आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे, ते बंद करायचा प्रश्नच नाही, त्यामुळे गोळ्या सोडून काढे घ्या असले सल्ले प्लीज नकोत. डॉक्टर म्हणाले औषधं चालू ठेवून आहार बदलून बघायला हरकत नाही, म्हणून मासे, अंडी, दूध थांबवून कडधान्यं, भाज्या, नाचणी-ज्वारीवर राहून सूज उतरते का बघायचंय.

पण आम्ही मालवणकडचे, बांगड्याशिवाय आईला जेवल्यासारखंच वाटत नाही, आणि सुजेवर चांगली मानतात ती ओमेगा-३ चरबी तर बांगड्यात भरपूर असते. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, त्यातलं फार थोडंच शरीर माशातल्यासारखं करून घेतं, मग रोज जवसाची चटणी आणि अक्रोड दिले तरी पुरेल का? की मासे ठेवून बाकीचंच बंद करू? कॅल्शियमचं नाचणी आणि तिळावर भागवता येईल, बी१२ मात्र गोळीतूनच द्यावं लागणार, तुमच्यापैकी कोणाला डॉक्टरांनी दिलंय का, रोज की आठवड्याला? सोलकढी चालेल म्हणून ती खूश आहे, चहाचं मात्र अडलंय, सोया दूध गरम चहात फाटतं, काय करता तुम्ही?

कोणाच्या घरी आमवातासाठी असा आहार केला असेल तर सकाळचं आखडणं किती महिन्यांनी कमी झालं, की झालंच नाही, तेही सांगा.