पंचविशीत ३० हजारांची सतार घ्यावी का?

कृष्णाकाठची, सांगली
मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघते. पगार २२ हजार. घरी ६ देते, पीपीएफला ५, पोस्टाच्या आरडीला ३, भिशीला २. उरतं त्यात पेट्रोल, मोबाईल आणि क्लासची फी. २०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी चढलं. आईचं शिलाई मशीन, गाद्या, कपाट, सगळं चिखलात. तेव्हा उसन्या पैशांसाठी दारोदार फिरणारे बाबा मी बघितलेत. खर्च करताना हात आखडतो तो तेव्हापासून.

मिरजेला सतार शिकायला जाते. गुरुजींच्या सतारीवर आठवड्यातून दोनदा हात बसतो, घरी रियाज शून्य. बोटाला घट्टा पडतोय म्हणेस्तोवर परत मऊ. कारागिरांनी साध्या सतारीचे ३० हजार सांगितले. आई म्हणते, लग्न तोंडावर आलंय, आत्ता कुठं असली हौस?

अण्णा_सातारा
आधी लग्न होऊ दे. सतार कुठं पळून जात नाही.

मिरजवाला
अण्णा, सतार पळत नाही, पण रोज पहाटे तासभर बसायची मुभा जाते. नोकरी, सासर, लेकरं यात पहिला बळी रियाजाचा जातो. आमच्या वर्गात हे डोळ्यांनी बघतोय. मींड ओढायला, म्हणजे तार बाजूला खेचून एका सुरावरून दुसऱ्यावर सरकायला, बोटात जी ताकद लागते ती रोजच्या बसण्यानंच येते.

ताई, तुमची काटकसर खरी आहे, पण पैसा ठेवलाय भलत्या जागी. तुम्हाला भीती पुराची. पीपीएफ १५ वर्षांचं, त्यातले थोडे पैसे काढायचे तरी सातवं आर्थिक वर्ष उजाडावं लागतं. आरडीही तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. उद्या पाणी आलं तर हातात काय? वर्षभर पीपीएफमध्ये महिना हजारच टाका, वर्षाला किमान ५०० भरले तरी खातं चालू राहतं. उरलेले चार हजार बँकेत, लगेच मोडता येईल अशा एफडीत. वर्षात ४८ हजार होतात. ही तुमची पुराची तजवीज, तिला सतारीसाठी हात लावायचा नाही. सतार भिशीतून घ्या. भिशी कितीची आहे?

कृष्णाकाठची, सांगली
१५ जणींची, ३० हजार बसते. माझा नंबर दिवाळीत. आईला एफडीचं सांगितलं तर लगेच पटलं, सतारीवर अजून गप्प आहे. दादा, सतारीचा भोपळा नाजूक असतो ना? मिरज–सांगली स्कूटीवर आणता येईल?

मिरजवाला
स्कूटीवर अजिबात नको, भोपळा तडकला की झालं. रिक्षा करा, कडक पेटीचे पैसे वेगळे धरा. पावसाळ्यात पेटी माळ्यावर. आणि घेताना गुरुजींना सोबत न्या, जवारी, म्हणजे घोडीवर तारेला येणारा झंकार, त्यांच्या कानानं तपासून घ्या.