मदत हवी आहे: मॅग्नेशियम-२४ अणुकेंद्राच्या शेल मॉडेल गणनेत टी (आयसोस्पिन, प्रोटॉन-न्यूट्रॉन सममितीचा क्वांटम अंक) अपूर्णांकात येतोय

नागपुरी_न्यूक्लिऑन:
ऑक्सिजन-१६ चा गोठवलेला कोअर, त्यावर एसडी शेल (डी५/२, एस१/२, डी३/२ कक्षा), आणि यूएसडीबी हा न्यूक्लिऑनांमधल्या परस्परक्रियेचा तयार संच. त्यातले आयसोस्पिन रूपातले ६३ द्विकण मॅट्रिक्स-घटक स्वतःच्या पायथन स्क्रिप्टने प्रोटॉन-न्यूट्रॉन रूपात बदलून केशेल या शेल मॉडेल प्रोग्रॅमला दिले. मॅग्नेशियम-२४ चालतं, पण तळाच्या पातळ्यांना टी शून्याऐवजी अपूर्णांक येऊन राहिला. पहिली २+ पातळी (कोनीय संवेग २, धन पॅरिटी) १.३७ एमईव्हीच्या आसपासही नाही. लान्झोसच्या (तळाच्या ऊर्जा काढणाऱ्या पद्धतीच्या) फेऱ्या वाढवून पाहिल्या, फरक नाही. काय चुकून राहिलं?

जादुई_अठ्ठावीस:
लान्झोसला दोष नाही. यूएसडीबीत कूलॉम्ब (प्रोटॉनांमधलं विद्युत प्रतिकर्षण) नाही, म्हणजे टी पूर्णांकच यायला हवा. गडबड रूपांतरात आहे. मॅग्नेशियम सोडा, आधी फ्लोरिन-१८ चालवा. एम=० ला (एकूण कोनीय संवेगाचा प्रक्षेप शून्य) २८ च अवस्था आहेत, मॅट्रिक्स छापून डोळ्यांनी तपासता येतं. तिथल्या टी=१ पातळ्या ऑक्सिजन-१८ शी शेवटच्या अंकापर्यंत जुळल्या पाहिजेत.

टी नीट, पण ऊर्जा जुळत नाही: √२ चा घोळ. प्रत्येक घटक कक्षांच्या दोन जोड्यांमधला असतो. दोन्ही जोड्यांत कक्षा वेगवेगळ्या असतील तर टी=१ आणि टी=० च्या बेरजेचा अर्धा. एकाच जोडीत कक्षा सारखी असेल तर भागिले √२. दोन्हींत सारखी असेल तर घटक जसाच्या तसा.

टी च अपूर्णांक: जोड्यांचा क्रम राहिला. प्रोटॉन डी५/२-न्यूट्रॉन एस१/२ आणि प्रोटॉन एस१/२-न्यूट्रॉन डी५/२ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. एकच बाजू उलटवली की टी=० आणि टी=१ ची चिन्हं परस्परविरुद्ध होतात, बेरजेची वजाबाकी होते. चिन्ह म्हणजे (−१) चा घात: त्या जोडीतल्या दोन्ही कक्षांचे जे (कोनीय संवेग), जोडीचा एकूण जे आणि टी यांची बेरीज.

नागपुरी_न्यूक्लिऑन:
तुम्ही सांगितलेलं दुसरं कारणच निघालं, स्क्रिप्ट फक्त चढत्या क्रमाच्या जोड्या लिहीत होती. आता फ्लोरिन जुळतं, मॅग्नेशियमचा टी शून्य. २+ मात्र अजून हललेलीच आहे. रात्रभर मोठा रन लावू का?

जादुई_अठ्ठावीस:
२८,५०३ मितींसाठी मे महिन्यात नागपुरात मशीन कशाला तापवता! साध्या लॅपटॉपचं काम आहे. द्विकण घटकांच्या शीर्षओळीत वस्तुमानाचं स्केलिंग पाहा. बहुधा तिथे ० असेल, १, १८, −०.३ हवं. २४ ला गुणक (१८/२४) चा ०.३ घात, म्हणजे ०.९१७. फ्लोरिन-१८ ला तो बरोबर १ येतो, म्हणून ती चाचणी ही चूक पकडूच शकत नाही. एककण ऊर्जांना (एकेका कक्षेच्या ऊर्जांना) हा गुणक लावू नका.