मदत हवी आहे: मीटिंग रूममध्ये बाहेरची हवा कशी आणावी?

ठाण्यातलं ऑफिस. खोली 25 चौरस मीटर, माणसं 12, दोन स्प्लिट एसी. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, त्यामुळे दार लावून तासभर बैठक चालली की कार्बन डायऑक्साइड 2000 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 2000 भाग) वर जातो आणि मंडळी पेंगायला लागतात. 1000च्या आसपास ठेवायचा तर माणशी सेकंदाला 8-9 लिटर, म्हणजे एकूण साधारण 220 सीएफएम (मिनिटाला घनफूट) बाहेरची हवा हवी. नुसता इनलाइन फॅन (डक्टमध्ये बसणारा पंखा) नको. पावसाळ्यात दमट हवा थेट आत येईल आणि मंद चालणारा इन्व्हर्टर एसी ती पुरेशी सुकवत नाही. मग बुरशी ठरलेली. म्हणून ईआरव्हीकडे (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर: बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या हवेत उष्णता-ओलाव्याची अदलाबदल करून ताजी हवा आणणारं यंत्र) कल आहे. अडचण जागेची: फॉल्स सीलिंगच्या वर जेमतेम 300 मिमी. मर्व्ह 13 (बारीक धूळ अडवणारा दर्जा) फिल्टरमुळे हवेला होणारा अडथळा धरून, 40 डेसिबलच्या आत एवढी हवा देणारं युनिट कुणी बसवलंय का? हायवेलगत फिल्टर किती महिने टिकतो?