सुलभतेचे काम सभेआधीच सुरू होते

आंतरराष्ट्रीय सभांतील अपंग प्रतिनिधींसाठीच्या सुलभतेच्या इंटर्नशिपमध्ये रॅम्प आणि व्हीलचेअरची व्यवस्था पाहण्यापलीकडे काही नसते, हे मत मला अपुरे वाटते. विषयपत्रिका नुसती स्कॅन करून पाठवली, तर स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लेखी ते केवळ चित्र असते आणि अंध प्रतिनिधी चर्चेला बसण्याआधीच मागे पडतो; म्हणून मजकूर वाचनीय करणे, शीर्षकांची रचना नीट लावणे, आलेखांना वर्णन जोडणे हे किचकट काम बरेच आधी उरकावे लागते. सांकेतिक भाषेचे दुभाषे आळीपाळीने काम करतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुरेसा उजेडही हवा. संयुक्त राष्ट्र सचिवालयाची इंटर्नशिप विनावेतन असते, त्यामुळे पुण्याच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कच्या खर्चाचा हिशेब आधी मांडावा. तोवर आपल्याच महाविद्यालयातील परिसंवादाची कागदपत्रे एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर ऐकून तपासायला घ्यावीत.