कॉलेजने आख्खा उपग्रह बनवावा, की पोएमवर (इस्रोच्या रॉकेटचा कक्षेत उरणारा टप्पा) पेलोड, म्हणजे एखादं उपकरण, पाठवून मोकळं व्हावं?

कक्षाधीन
पुण्याच्या सीओईपी ह्या अभियांत्रिकी कॉलेजचा ‘स्वयम्’ उपग्रह २००८ मध्ये सुरू झाला आणि पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला २२ जून २०१६ ला. आयआयटी मुंबईच्या ‘प्रथम’चं काम २००७ पासूनचं, उड्डाण २६ सप्टेंबर २०१६. बी.टेक. मात्र चारच वर्षांचं. म्हणजे पॉवर बजेट (विजेचा जमाखर्च) मांडणारी मुलं टेलिमेट्री, म्हणजे यानाने खाली पाठवलेली माहिती, यायच्या आत नोकरीला लागलेली, आणि टेलिमेट्री बघणाऱ्यांच्या वाट्याला आधीच्या बॅचेसचे आयते निर्णय. ह्याला प्रशिक्षण म्हणायचं का?

माझं मत स्पष्ट आहे, कॉलेजांनी हा हट्ट सोडावा. दोन सेमिस्टरचा फ्लॅटसॅट करा, म्हणजे सगळे बोर्ड डब्यात न कोंबता टेबलावर पसरून जोडायचे. एसटीएम३२ प्रोसेसरचा एक बोर्ड, १८६५० मापाचे दोन लिथियम सेल, चार्जिंग आणि वितरणाचा एक बोर्ड, मॅग्नेटोमीटर, जायरो आणि ८६५–८६७ मेगाहर्ट्झचा लोरा रेडिओ मॉड्यूल. ह्या पट्ट्याला परवाना लागत नाही. मग पेलोड पोएमवर पाठवा. पोएम म्हणजे पीएसएलव्हीचा चौथा टप्पा, काम झाल्यावर तो कक्षेतच राहतो. वीज, दिशा, संपर्क तोच पुरवतो. डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर २४ पेलोड होते, त्यातले १० इस्रोबाहेरचे. पुण्याच्या एमआयटी-डब्ल्यूपीयूचा आणि मुंबईच्या अ‍ॅमिटीचा त्यातच.

खडूस_वीजवाला
सपशेल असहमत. वीज, दिशा, संपर्क पोएमने दिल्यावर मुलांकडे उरलं काय? एक सेन्सर आणि त्याचा डबा. यानाची रचना शिकायची म्हणजे ह्या तिघांची मारामारी सोडवायची.

१० सेंटिमीटरच्या घनाचं बघा. एका बाजूवर दोन ट्रिपल-जंक्शन सौर सेल, सूर्य समोर असताना जेमतेम २.३ वॉट. ५०० किमीवर एक फेरी साधारण ९५ मिनिटांची, त्यात ३५ मिनिटांपर्यंत सावली. सरासरी हातात पडतात एक-दीड वॉट. रेडिओ प्रक्षेपण करताना ३–४ वॉट ओढतो. लिथियम सेल शून्याखाली चार्ज करायचा नाही, म्हणून हीटर हवा, तोही त्याच विजेवर. शिवाय १२०० बीपीएसने (सेकंदाला १२०० बिट) दहा मिनिटांच्या पासमध्ये, म्हणजे यान डोक्यावरून जाईपर्यंत, जास्तीत जास्त ९० किलोबाइट उतरतात, त्यातून प्रोटोकॉलचा हिस्सा वजा करा. फोटोवाल्या टीमला ‘नाही’ म्हणायला इथेच शिकतात. टेबलावर बेंच सप्लायला (प्रयोगशाळेतला वीजपुरवठा) जोडलेल्या बोर्डांना कशाचीच ददात नसते.

कक्षाधीन
मग सप्लायलाच टंचाई लावा की! ५ व्होल्ट, करंट लिमिट ४०० मिलिअँपिअर, ६० मिनिटं चालू, ३५ मिनिटं बंद. असा क्रम लावून तीन दिवस हात न लावता चालू द्या. जो बोर्ड जास्त खातो तो पहिल्याच रात्री उघडा पडतो.

सोल्डरधूर
तुम्ही दोघं डिझाइनवर भांडताय. विद्यापीठांचे क्यूबसॅट (असे घनाकृती छोटे उपग्रह) का मरतात ह्यावर मायकल स्वॉर्टवाउट यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्यात. त्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: सुटे भाग तपासले जातात, जोडलेल्या आख्ख्या यानाच्या चाचणीला वेळच उरत नाही.

नमुन्यादाखल अँटेना घ्या. ४३७ मेगाहर्ट्झला पाव तरंगाची पट्टी १७ सेंटिमीटरची. ती घडी करून नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात आणि कक्षेत गेल्यावर नायक्रोमची तार तापवून दोरा तोडतात. क्यूबसॅटच्या नियमांनुसार यान सुटल्यावर निदान ३० मिनिटं थांबावं लागतं. प्रयोगशाळेत, २५ अंशांना, भरलेल्या बॅटरीवर दोरा पटकन तुटतो, टाळ्या पडतात. आता तेच उणे १५ अंशांना, अर्ध्या बॅटरीवर करा. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो. तारेत करंट गेला की व्होल्टेज बसतं, प्रोसेसर रीसेट होतो, ३० मिनिटांचा टायमर शून्यापासून सुरू. अर्ध्या तासाने पुन्हा तार, पुन्हा रीसेट. बॅटरी संपेपर्यंत हेच चक्र, आणि खाली मुलं ऐकत बसलीत.

उपाय सोपे आहेत. तार पेटवण्याआधी ‘प्रयत्न क्रमांक अमुक’ असं एफरॅममध्ये (वीज गेली तरी न पुसणारी मेमरी) लिहा, म्हणजे रीसेटनंतरही कळतं. बॅटरी ठरलेल्या व्होल्टेजखाली असेल तर थांबा आणि उन्हात आल्यावरच प्रयत्न करा. दुसरी तार वेगळ्या स्विचवर ठेवा. पण हा दोष सापडतो तो बॅटरी, प्रोसेसर आणि अँटेना एकत्र, थंड कपाटात ठेवल्यावरच.

खडूस_वीजवाला
+१. आणि हे पोएमवाल्या मुलाला कधीच भेटणार नाही.

कक्षाधीन
भेटेल, फ्लॅटसॅटवर! अँटेना आणि बॅटरी थंड कपाटात, बाकी बोर्ड बाहेर, मध्ये अर्ध्या मीटरच्या वायरी.

सोल्डरधूर
अर्ध्या मीटरच्या पातळ वायरींचाच व्होल्टेज ड्रॉप मोजाल मग, यानाचा नाही. फ्लॅटसॅट सॉफ्टवेअरसाठी उत्तम. आयटूसी ही सेन्सर आणि प्रोसेसर जोडणारी सामाईक बस, तिची एसडीए (डेटाची) लाइन एखाद्या सेन्सरने लो धरून ठेवली की सगळी बस ठप्प होते. नऊ क्लॉक पल्स देऊन ती सोडवायची, नाहीच सुटली तर त्या सेन्सरची वीज तोडायची. हे टेबलावर झकास शिकवता येतं. उष्णता आणि हार्नेस (यानातल्या वायरींची जोडणी) नाही.

फ्रीक्वेन्सी_बाबू
परवान्यांचा विषय कुणी काढलाच नाही. स्वतःचा रेडिओ म्हणजे इन-स्पेसची (इस्रोबाहेरच्या अंतराळकामांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) मंजुरी, डब्ल्यूपीसीचा (दूरसंचार खात्याचा फ्रीक्वेन्सी विभाग) परवाना, हॅम म्हणजे हौशी रेडिओचा पट्टा हवा तर आयएआरयू ह्या हॅमवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं समन्वयही. ही कागदपत्रं पहिल्या सेमिस्टरला सुरू केली नाहीत तर यान तयार होऊन कपाटात पडतं. ह्याबाबतीत कक्षाधीन यांचा मुद्दा वजनदार आहे.

दिगंश
इस्रोने २०१९ मध्ये बंगळुरूला ‘उन्नती’ सुरू केला. परदेशी अभियंत्यांना दोन महिन्यांत नॅनोउपग्रहाची थिअरी, जोडणी आणि चाचणी शिकवणारा. तसाच एक आपल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी हवा, धाग्यातला निम्मा वाद मिटेल.

खडूस_वीजवाला
दोन महिन्यांत जोडणी शिकतील, रचना नाही. ‘स्वयम्’मध्ये दिशा सांभाळायला वीजच लागत नाही: कायम चुंबक यानाला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत आणतो आणि हिस्टेरिसिसच्या (खास चुंबकीय धातूच्या) पट्ट्या डोलणं शमवतात. एक किलोच्या आतल्या यानात हा निर्णय का घ्यावासा वाटला, हे तयार किट जोडणाऱ्याला कुठून सुचणार? आठ वर्षं लागली म्हणता, तर लागू देत. बॅच बदलताना प्रत्येक निर्णयामागे नाकारलेले पर्याय कारणांसकट लिहून ठेवायची सक्ती करा.

कक्षाधीन
ती सक्ती दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या आठवड्यात कोण पाळतं, तेवढं सांगा.