द्राक्षबागेच्या यंत्रासाठी यूएसडीटीत गुंतवणूक आणि पेटंट दुबईच्या कंपनीकडे: मान्य करावे का?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. मी आणि माझ्या वर्गमित्राने द्राक्षबागेसाठी एक लहान यंत्र तयार केले आहे. पानांवर किती तास ओल टिकली, त्या वेळी तापमान काय होते आणि शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले, यांचा हिशेब मांडून डाऊनी हा द्राक्षावरचा रोग येण्याची शक्यता ते बागायतदाराच्या फोनवर कळवते. गेल्या ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी तालुक्यातील तीन बागांत आम्ही ते लावून पाहिले आणि जानेवारीत नाशिकच्या डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर कृषी प्रदर्शनात स्टॉलही घेतला. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असून तिला स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता आहे.

मूळचे पंचवटीचे, आता दुबईला स्थायिक झालेले एक गृहस्थ ४० हजार यूएसडीटी (डॉलरशी किंमत बांधलेले क्रिप्टो टोकन, म्हणजे स्टेबलकॉइन) देऊन आठ टक्के हिस्सा घेण्यास तयार आहेत. पैसे बँकेत नव्हे, क्रिप्टो वॉलेटमध्येच येतील, ही त्यांची पहिली अट. पेटंटचा अर्ज त्यांच्या तिथल्या कंपनीच्या नावाने आणि आधी तिकडेच करायचा, आम्हाला फक्त वापरण्याचा परवाना मिळेल, ही दुसरी. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत स्टेबलकॉइनचा कायदा झाल्यापासून यूएसडीटी आणि डॉलर यांत फरक उरलेला नाही, असे ते म्हणतात. हंगामाच्या आत शंभर यंत्रे बनवायची असल्याने आम्हाला पैशाची निकड आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

ताळेबंद

मी शरणपूर रोडला सीए म्हणून काम करतो. पेटंट हा माझा प्रांत नाही, त्यामुळे पहिल्या अटीपुरतेच लिहितो.

कंपनी प्रायव्हेट प्लेसमेंटने, म्हणजे निवडक व्यक्तींनाच, शेअर देते तेव्हा त्यांची रक्कम चेक, डीडी किंवा अन्य बँकमार्गानेच यावी लागते. ती वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते आणि ६० दिवसांत शेअरवाटप झाले नाही तर पुढच्या १५ दिवसांत परत करावी लागते. वॉलेटमध्ये आलेले टोकन यात कुठेच बसत नाही. शिवाय गुंतवणूकदार अनिवासी असल्यामुळे फेमाचे (परकीय चलन कायद्याचे) नियम लागू होतात, आणि तेही हेच सांगतात की रक्कम परदेशातून बँकेमार्फत किंवा त्यांच्या इथल्या एनआरई खात्यातून (अनिवासींचे, परदेशातून आलेल्या पैशाचे खाते) यावी. वाटपानंतर ३० दिवसांत एफसी-जीपीआर हा परकीय गुंतवणुकीची माहिती देणारा फॉर्म रिझर्व्ह बँकेकडे भरावा लागतो. भांडवल परत बाहेर नेण्याचा हक्क सोडायला ते तयार असतील तर एनआरओ खात्यातूनही (अनिवासींचे, भारतातील उत्पन्नाचे खाते) रक्कम चालते आणि ती देशांतर्गत गुंतवणुकीसारखी धरली जाते. आपल्या आकाराच्या कंपनीला हा मार्ग सर्वांत कमी तापाचा आहे.

अमेरिकेतील कायद्याबद्दल सांगायचे, तर असे टोकन तिथे कोणी काढावे आणि त्यामागे कोणती राखीव गंगाजळी ठेवावी, याचा तो कायदा आहे. नाशिकच्या कंपनीचे भागभांडवल कशाने भरावे, हे तो कायदा कसे ठरवणार? आपल्याकडे यूएसडीटी ही आभासी डिजिटल मालमत्ता आहे. एप्रिल २०२२ पासून तिच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर लागतो, खरेदीकिंमत सोडून कसलीही वजावट मिळत नाही आणि एकीतला तोटा दुसरीच्या नफ्यातून वळता करता येत नाही. उदाहरण घ्या: एका नाण्यात ५०,००० रुपये नफा झाला आणि दुसऱ्यात ६०,००० रुपये तोटा झाला, तर पदरचे दहा हजार गेलेले असतानाही ४ टक्के उपकरासह १५,६०० रुपये कर भरावा लागतो. त्याशिवाय विक्रीच्या वेळी १ टक्का टीडीएस आणि ताळेबंदात अशा मालमत्तेचा स्वतंत्र उल्लेख, हे आहेच. पुढचा गुंतवणूकदार कागद तपासायला बसला की त्याचे पहिले बोट याच ओळीवर पडेल.

एंजल टॅक्स (वाजवी किमतीपेक्षा चढ्या दराने शेअर दिल्यास कंपनीला लागणारा कर) टाळण्यासाठी वॉलेट बरे, असे कोणी सुचवले असेल, तर तो कर २०२४ च्या जुलैमधील अर्थसंकल्पातच रद्द झाला आहे.

जुना गुंतवणूकदार

वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. क्रिप्टो बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केले आणि मार्च २०२३ पासून क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणले गेले. त्यामुळे एक्स्चेंजवर टोकन विकून रुपये खात्यात आणताना ते कुणाकडून, कशापोटी आले हे विचारले जाणारच, आणि "शेअरचे पैसे" हे उत्तर तुम्हाला देता येणार नाही. माझी रक्कम एका एक्स्चेंजवर सात महिने अडकून पडली होती. ती स्वतःची बचत होती म्हणून निभावले, कामगारांचा पगार त्यातून द्यायचा असता तर काय केले असते कोण जाणे.

दिंडोरीचा बागायतदार

भाऊ, पैशातले मला कळत नाही, यंत्राविषयी बोलतो. पानाची ओल मोजणारी हवामान केंद्रे आमच्या भागात बऱ्याच जणांकडे आहेत, पण पोंगा अवस्थेत, म्हणजे कोवळी फूट निघत असताना, पाऊस झाला की ती एकसारखा इशारा देतात आणि माणूस घाबरून रोज फवारतो. तुमचे यंत्र मागच्या फवारणीचा हिशेब धरत असेल तर खरी किंमत त्या हिशेबाची आहे, डब्याची नव्हे. ते दुसऱ्याच्या नावावर कशाला करता?

अर्जदार

पेटंट एजंट म्हणून काम करतो. बागायतदारांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

आपल्या पेटंट कायद्यात शेतीची पद्धत आणि निव्वळ संगणक प्रोग्राम किंवा अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. "डाऊनीचा अंदाज बांधण्याचे सूत्र" असा दावा लिहिलात तर तो तिथेच अडखळेल. संवेदक, त्याची मांडणी, फवारणीची नोंद यंत्रात कशी येते आणि त्यामुळे इशाऱ्यात कोणता तांत्रिक फरक पडतो, असे लिहिले तर बोलण्यास जागा राहते.

दुसरी अट आहे तशी मान्य करणे तर धोक्याचेच आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परवानगीशिवाय परदेशात प्रथम अर्ज करता येत नाही. एक तर पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी लागते, नाहीतर आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. हे मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दुबईतील गृहस्थांना हे बहुधा ठाऊक नसेल, असे मी समजतो.

आता तुमची स्वतःची अडचण. अर्जापूर्वी शोध उघड झाला तर पेटंटसाठी लागणारे नावीन्य जाते. प्रदर्शनाला सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. डोंगरे मैदानावरचा स्टॉल त्यात येईल असे गृहीत धरू नका. शोधाच्या स्वरूपामुळे चाचणी उघड्यावर करणे भागच असेल, तर अर्जाआधीच्या एका वर्षातील वाजवी चाचणीला मात्र कायदा सांभाळून घेतो. बागेतील यंत्र बागेतच तपासावे लागते, हे पटवून देणे अवघड नाही. तुमच्या चाचण्यांना या ऑक्टोबरमध्ये वर्ष भरेल, त्यामुळे सप्टेंबर उलटू देऊ नका.

प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज लगेच करा. स्टार्टअपसाठी ऑनलाइन मूळ शुल्क १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला तेच ८,००० पडते. शोधाचे संपूर्ण विवरणपत्र भरायला पुढे १२ महिने मिळतात. अर्ज कंपनीच्या नावाने करा आणि तुम्ही दोघांनी आपला हक्क कंपनीला लेखी दिल्याचा कागद सोबत ठेवा. गुंतवणूकदाराचे आठ टक्के मग कंपनीतच असतील आणि कंपनीमार्फत पेटंटमध्येही.

प्रदर्शनात नेमके काय दाखवले होते? पत्रक, बॅनर, व्हिडिओ, जे असेल ते सांगा.

सातपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. त्यांना एनआरओ खात्याचा मार्ग आजच कळवला आहे. पत्रकावर फक्त यंत्राचा फोटो आणि किंमत होती. व्हिडिओ मात्र आहे, १९ जानेवारीला टाकलेला. त्यात ३८ व्या सेकंदाला मित्राने डब्याचे झाकण उघडले आहे आणि आतील सर्किटची पाटी स्पष्ट दिसते. फवारणीच्या हिशेबाबद्दल कोणी काही बोललेले नाही. व्हिडिओ काढून टाकू का?

अर्जदार

काढून टाकल्याने गेलेले नावीन्य परत येत नाही, आणि पुढे तारखेवरून वाद झाला तर तुमच्याच हाती पुरावा उरत नाही. तो आहे तसा राहू द्या, पण नवीन काही टाकू नका. पाटी दिसल्याने संवेदकाच्या मांडणीचा दावा कमकुवत होऊ शकतो, पण चिपमध्ये काय चालते ते झाकण उघडून कळत नाही. त्या सेकंदाचे चित्र मोठे करून कोणते भाग ओळखू येतात याची यादी करा आणि ती घेऊन एजंटाकडे जा. विवरणपत्र त्या यादीला वळसा घालूनच लिहावे लागेल.