मदत हवी आहे: डीबीएमचं (रस्त्याच्या खडी-डांबराच्या थराचं) सॅम्पल ९० अंशात फिरवलं की रेझिलियंट मॉड्युलस (लोडखालचा कडकपणा) बदलतो

नमस्कार मंडळी, डांबरी मिक्सच्या टेस्टिंगमधले कोणी असाल तर प्लीज जरा बघा. हायवेच्या कामाचं डीबीएम ग्रेड २ आहे, डांबर व्हीजी-४० (घट्टपणावरून ठरलेली ग्रेड), मार्शलच्या मोल्डमधली ४ इंची गोल सॅम्पल्स. ३५ डिग्रीला इनडायरेक्ट टेन्साइल पद्धतीने (गोल सॅम्पल व्यासावर वरून दाबायचं आणि आडवं किती ताणतं ते मोजायचं) मॉड्युलस काढतोय, ०.१ सेकंद लोड, ०.९ सेकंद रेस्ट, लोड १००० न्यूटनच्या आसपास. एका अक्षावर ४६०० एमपीए येतो आणि तेच सॅम्पल ९० अंशात फिरवलं की ३१००! पॉइसन रेशो (आडवं फुगणं आणि उभं दबणं यांचं प्रमाण) ०.३५ धरलाय, कारण उभ्या-आडव्या डिफॉर्मेशनवरून काढायला गेलं की ०.६ च्या वर जातो, जे शक्यच नाही.

मी हिशोब करून बघितला तर ६३.५ मिमी जाडीला ४६०० म्हणजे आडवं डिफॉर्मेशन २.१ मायक्रॉन आणि ३१०० म्हणजे ३.१, म्हणजे सगळा घोळ एका मायक्रॉनचा आहे. आणि स्क्रीनवर डावा एलव्हीडीटी (बारीक हालचाल मोजणारा सेन्सर) उजव्याच्या जवळपास दुप्पट दाखवतो. आता डिझाइनवाले म्हणतात ४६०० च आयआयटीपेव्हमध्ये (रस्त्याच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाका, थर कमी होईल. मला ते अजिबात पटत नाहीये, उद्या रस्त्याला खालून तडे गेले तर? कुठला आकडा धरू आणि सेटअपमध्ये नेमकं काय तपासू?

*

प्रतिसाद:
४६०० टाकू देऊ नका. आयआरसी ३७ च्या (डांबरी रस्त्यांच्या डिझाइनच्या भारतीय नियमावलीच्या) २०१८ च्या आवृत्तीत स्पष्ट आहे, ३५ डिग्रीला लॅबमध्ये आलेला आणि तक्त्यातला यातला जो कमी तो घ्यायचा, आणि व्हीजी-४० ला तक्त्यात ३००० आहे. तुमचे दोन्ही आकडे त्याच्या वर, म्हणून डिझाइनला ३०००. लॅबचा आकडा म्हणून एकच अक्ष कधीच देऊ नका, दोन्हीची सरासरी द्या, पण आधी सेटअप सुधारा.

डावा-उजवा एवढा फरक म्हणजे सॅम्पल डुलतंय. लोडिंग स्ट्रिप (सॅम्पलवर लोड देणाऱ्या पट्ट्या) काढून पुसा, वरची-खालची एका रेषेत आहे का बघा, स्ट्रिपखाली खडीचं टोक वर आलं असेल तर तिथेच डुलतं, थोडं फिरवून बसवा. रेशो ०.६ येतो तोही बहुतेक यामुळेच. रीडिंग स्थिर होईपर्यंत आधीचे पल्स सोडून द्या. टेम्परेचर चेंबरचं बघू नका, एका जादा सॅम्पलला मधोमध भोक पाडून थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) घाला आणि ते ३५ दाखवेल तेव्हाच टेस्ट सुरू करा, आतून थंड राहिलं की मॉड्युलस उगाच जास्त येतो.

अजून एक, ग्रेड २ मध्ये नॉमिनल २६.५ मिमीची खडी असते, तिला ४ इंच व्यास कमीच पडतो, एखादा मोठा दगड मध्ये आला की त्या अक्षाचा आकडा वेगळाच येणार. ६ इंची मोल्ड असेल तर त्यात करून बघा, आणि डावा-उजवा वेगवेगळा लिहून इथे टाका, मग बोलू.

*

धागाकर्ता:
खूप आभार! ६ इंची मोल्ड आहे, थर्मोकपल मागवतो. आयआरसीचं ते कलम आज डिझाइनवाल्यांना पाठवलंय.